छातीवरील अखेरची फीत : लष्करी दीर्घसेवा पदकांची ओळख

प्रजासत्ताकदिनी आणि स्वातंत्र्यदिनी ध्वजवंदनासाठी गावातील माजी सैनिकांना सन्मानाने पाचारण करण्याची प्रथा आता बहुतेक ग्रामपंचायतींत व शाळांत रुजली आहे. सोलापूर-विजापूर रस्त्यावरील मंद्रूपसारखे मोठे गाव असो की भीमा-सीनाकाठची एखादी वाडी असो, त्या दिवशी कोणा ना कोणा 'मेजरां'च्या कोटावर पदकांची रांग झळकते. (आपल्याकडे फौजेतून परतलेल्या शिपायालाही गाव प्रेमाने 'मेजर'च म्हणते, हुद्द्याची चौकशी कोणी करीत नाही.) सूत्रसंचालन करणारे गुरुजी 'यांनी देशासाठी अनेक पदके मिळविली' असे एक वाक्य उच्चारतात, टाळ्या होतात आणि कार्यक्रम पुढे सरकतो. ती पदके कोणती, कशासाठी मिळाली, त्यांवर काय कोरले आहे, हे विचारले जात नाही. विचारले गेलेच तर प्रश्न एवढाच असतो, 'लढाईत मिळाले का?' आणि उत्तर नकारार्थी आले की विचारणाऱ्याचा उत्साह ओसरतो.

हा उत्साह ओसरावा असे वास्तविक काही नाही. सैनिकाच्या छातीवरील पदकांत शौर्यपदके विरळा असतात. उरलेल्या पदकांपैकी काही विशिष्ट मोहिमेत अथवा विशिष्ट भूभागात केलेल्या सेवेची असतात, काही स्वातंत्र्याच्या वर्धापनाच्या निमित्ताने दिलेली असतात, आणि काही केवळ वर्षांची असतात. अमुक वर्षे सेवा केली, ती निष्कलंक केली, एवढेच ती सांगतात. ही अखेरची पदके म्हणजे दीर्घसेवा पदके होत. प्रस्तुत लेखाचा विषय तीच आहेत. कारण ज्यांच्यामागे सांगण्याजोगी कथा नसते अशा पदकांची कागदपत्रे, आणि पुष्कळदा खुद्द पदकेही, घराघरांतून सर्वांत आधी नाहीशी होतात.

फटक्यांऐवजी पदक

दीर्घ सेवेसाठी साध्या शिपायास पदक द्यावे ही कल्पना तशी फार जुनी नाही. इंग्लंडचा राजा चौथा विल्यम याने १८३० साली ब्रिटिश सैन्यातील शिपायांसाठी 'दीर्घसेवा व सद्वर्तन' पदक सुरू केले. पायदळातील शिपायास एकवीस वर्षे आणि घोडदळातील शिपायास चोवीस वर्षे सेवा झाल्यावर ते मिळे. त्या काळच्या सैन्यात शिस्त राखण्याचे मुख्य साधन चाबूक हे होते. गुन्हा केला तर पाठीवर वळ उठत. गुन्हा न करता वीस वर्षे काढली तर मात्र त्याची दखल कोणी घेत नसे. ही उणीव या पदकाने भरून काढली. पदक चांदीचे होते, त्याची फीत किरमिजी रंगाची होती, आणि गैरवर्तन घडल्यास ते काढूनही घेता येत असे. १८७० साली सेवेची अट अठरा वर्षांवर आणण्यात आली.

हिंदुस्थानातील फौजा त्या वेळी ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत होत्या. बंगाल, मद्रास आणि मुंबई अशा तीन इलाख्यांच्या तीन स्वतंत्र फौजा. मुंबई इलाख्याच्या फौजेत कोकण आणि देशावरील मराठी शिपाई मोठ्या संख्येने होते. १८३७ साली, लॉर्ड ऑकलंड गव्हर्नर-जनरल असताना, कंपनीने देशी सैनिकांसाठी दोन सन्मान सुरू केले. एक शौर्यासाठी, 'ऑर्डर ऑफ मेरिट'. आणि दुसरा दीर्घ व एकनिष्ठ सेवेसाठी, 'ऑर्डर ऑफ ब्रिटिश इंडिया'. दुसरा सन्मान सुभेदार, जमादार अशा देशी अधिकाऱ्यांपुरताच होता. पहिल्या वर्गाच्या मानकऱ्यास 'सरदार बहादूर' आणि दुसऱ्या वर्गाच्या मानकऱ्यास 'बहादूर' असा किताब मिळे. शिवाय अनुक्रमे दररोज दोन रुपये व एक रुपया जादा भत्ता असे. त्या काळच्या एका रुपयाचे मोल लक्षात घेतले म्हणजे या किताबाचा गावात किती दबदबा असेल याची कल्पना येते.

हे सुवर्णचिन्ह गळ्यात घालावयाचे असे. त्याची फीत आरंभी आकाशी रंगाची होती. १८३८ साली ती किरमिजी करण्यात आली. शिपायांच्या केसांच्या तेलाने आकाशी फीत लवकर मळे, म्हणून हा बदल झाला असे सांगतात.

परंतु सुभेदाराच्या खालच्या लोकांचे काय? कंपनीने १८४८ साली दीर्घसेवेचे पदक काढले, तेही आपल्या गोऱ्या शिपायांसाठी. देशी हवालदार, नाईक आणि शिपाई यांना त्यासाठी आणखी चाळीस वर्षे वाट पाहावी लागली. १८५७ झाले, कंपनी गेली, राणीचे राज्य आले. आणि १८८८ साली देशी सैनिकांसाठी दोन पदके निघाली, एक 'गुणवंत सेवे'चे आणि दुसरे 'दीर्घसेवा व सद्वर्तना'चे. दुसऱ्यासाठी वीस वर्षांच्या सेवेची अट होती. त्याच्या दर्शनी बाजूस राणी व्हिक्टोरियाचा मुखवटा आणि 'कैसर-ए-हिंद' हा किताब, तर मागील बाजूस कमळाची फुले व पाने यांची गुंफण, तिच्या आत ताडपत्रांचे वेटोळे आणि मध्ये पदकाचे नाव, अशी त्याची घडण होती. मजकूर रोमन लिपीत होता. ज्या शिपायाच्या छातीवर ते लावावयाचे त्यास तो बहुधा वाचता येत नसे. कमळ मात्र त्याच्या ओळखीचे होते.

किरमिजी फितीची अडचण

फितीच्या रंगाची हकिकत थोडी विस्ताराने सांगण्याजोगी आहे. १८५६ साली सर्वोच्च शौर्यासाठी 'व्हिक्टोरिया क्रॉस' सुरू झाला आणि लष्करी मानकऱ्यांसाठी त्याची फीतही किरमिजीच ठरली. पदक लटकलेले असेपर्यंत घोटाळा होण्याचे कारण नव्हते. परंतु रोजच्या गणवेशावर पूर्ण पदक न लावता केवळ फितीचा तुकडा लावण्याची पद्धत पडली आणि अडचण उभी राहिली. वीस वर्षे छावणीत इमानाने पहारा करणाऱ्याची फीत आणि रणांगणावर प्राण पणास लावणाऱ्याची फीत लांबून सारखीच दिसू लागली. अखेर पहिल्या महायुद्धाच्या काळात, ब्रिटिश पदकाच्या बाबतीत १९१६ साली व देशी सैनिकांच्या पदकाच्या बाबतीत १९१७ साली, दीर्घसेवेच्या किरमिजी फितीस दोन्ही कडांनी पांढरी किनार लावण्यात आली.

दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळविणारे नाईक यशवंत घाडगे (१९४४, मरणोत्तर) आणि शिपाई नामदेव जाधव (१९४५) हे पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीचे वीर आपल्या शालेय पुस्तकांस अनोळखी नाहीत. त्यांच्या सन्मानाची फीत अखंड किरमिजी. आणि त्याच रेजिमेंटमधील सद्वर्तनी जुन्या हवालदाराची फीतही किरमिजीच, फक्त पांढऱ्या काठाची. कोणाच्या घरी जुनी फीत सापडल्यास हा काठ प्रथम पाहावा. त्यावरून निदान पदकाचा प्रकार आणि काळ यांविषयी अंदाज बांधता येतो.

निवृत्तिवेतन आणि शाळा

वीस वर्षांच्या सेवेने पदक मिळे खरे, पण शिपायाच्या दृष्टीने त्याहून मोलाचे होते ते निवृत्तिवेतन आणि पलटणीतले शिक्षण. महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात या गोष्टीचे महत्त्व पदकाच्या चांदीहून किती तरी अधिक आहे. गोपाळबाबा वलंगकर फौजेतून १८८६ साली निवृत्त झाले आणि दापोलीस राहून त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी चालविली. दापोली हे त्या काळी लष्करी निवृत्तिवेतनधारकांच्या वस्तीचे ठिकाण होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ यांनी लष्करी शाळेत अध्यापन केले. बाबासाहेबांचा जन्म १८९१ साली महूच्या छावणीतच झाला. नियमित पगार, ठराविक निवृत्तिवेतन आणि अक्षरओळख या तीन गोष्टी एका घरात एकत्र आल्या की पुढच्या पिढीत काय घडू शकते, याचे याहून ठळक उदाहरण शोधण्याची गरज नाही.

हाच मार्ग १८९० नंतरच्या दशकात महार समाजास बंद करण्यात आला. 'लढाऊ जाती' ठरवून त्यांतूनच भरती करण्याचे धोरण इंग्रज सेनाधिकाऱ्यांनी स्वीकारले आणि पिढ्यान्‌पिढ्या चाकरी केलेल्या घरांच्या तोंडावर भरतीचे दार लागले. १९१७ साली युद्धाच्या निकडीपोटी १११ वी महार पलटण उभारली गेली, पण युद्ध संपताच तीही मोडण्यात आली. महार रेजिमेंट उभी राहिली ती थेट १ ऑक्टोबर १९४१ रोजी, बेळगाव येथे. मधल्या काळात या समाजातील तरुणांना वीस वर्षांची अट पुरी करण्याची संधीच उरली नव्हती. दीर्घसेवेचे पदक आजोबांचे आहे आणि वडिलांचे नाही, असे एखाद्या घरी दिसले तर त्याचे कारण त्या घराच्या इच्छेत शोधू नये.

मुखवट्याच्या जागी भवानी

स्वातंत्र्यानंतर राजाचा मुखवटा असलेली पदके देणे अर्थातच थांबले. २६ जानेवारी १९५० रोजी परमवीर चक्र, महावीर चक्र आणि वीर चक्र ही शौर्यपदके घोषित झाली. परमवीर चक्राची आकृती सावित्रीबाई खानोलकर यांनी तयार केली, हे पुष्कळांना ठाऊक असते. जन्माने युरोपीय आणि विवाहाने मराठी अशा या विदुषीने १९४७ च्या 'जनरल सर्व्हिस मेडल'चीही आकृती केली, हे मात्र सहसा सांगितले जात नाही. या पदकाच्या दर्शनी भागावर म्यानातील भवानी तलवार असून तिच्याभोवती तेजोवलय आहे. मागील बाजूस कमळ आहे. जम्मू-काश्मीरमध्ये १९४७-४९ या काळात लढलेल्या जवानांना ते देण्यात आले. सेवापदकावर राजाच्या जागी राणी नाही, सेनापतीही नाही, तर तलवार आली आणि तीही म्यानातली, ही कल्पना फार समर्पक वाटते.

आजच्या भारतीय सेनादलांत दीर्घसेवेची पदके दोन प्रकारची आहेत, आणि गोंधळ होतो तो येथेच. पहिला प्रकार निवडीचा. 'गुणवंत सेवा' पदक आणि 'दीर्घसेवा व सद्वर्तन' पदक ही जुन्या परंपरेतील पदके हवालदार ते शिपाई या दर्जाच्या सैनिकांना मर्यादित संख्येने, सेवेची वर्षे व वर्तणुकीची नोंद पाहून दिली जातात. दुसरा प्रकार हक्काचा. नऊ वर्षे, वीस वर्षे आणि तीस वर्षे यांची तीन पदके अधिकाऱ्यापासून शिपायापर्यंत सर्वांस, तेवढी समाधानकारक सेवा पुरी झाल्यावर मिळतात. पुढचे मिळाले म्हणून मागचे उतरवावयाचे नसते. त्यामुळे एखाद्या सेनापतीच्या छातीवरही अखेरच्या ओळीत तीस, वीस आणि नऊ अशा तिन्ही फिती क्रमाने दिसतात, आणि त्यांतील नऊ वर्षांची फीत त्याच्या चालकाच्या छातीवरील फितीहून तसूभरही वेगळी नसते.

पदकांची रांग वाचण्याची रीत सोपी आहे. पाहणाऱ्याने आपल्या डाव्या हाताकडून, म्हणजे मराठी ओळ वाचावी तशीच, वाचत जावे. मानाने श्रेष्ठ ते आधी. शौर्यपदके असल्यास ती प्रारंभी येतात, मग युद्ध व मोहिमांची, नंतर 'सैन्य सेवा पदका'सारखी भूभागवार सेवेची. त्यांवरील पट्टीवर 'जम्मू-काश्मीर', 'हिमालय' अशी प्रदेशाची नावे असतात. त्यानंतर स्वातंत्र्याच्या वर्धापनाची पदके. १९७२, १९९७ आणि २०२२ या वर्षांच्या स्वातंत्र्यदिनी जे जे सेवेत होते त्या सर्वांसाठी ती काढण्यात आली. आणि बहुधा सर्वांत शेवटी, पाहणाऱ्याच्या उजव्या टोकाला, दीर्घसेवेची पदके. प्रादेशिक सेनेची, म्हणजे ९ ऑक्टोबर १९४९ रोजी औपचारिक प्रारंभ झालेल्या टेरिटोरियल आर्मीची, दीर्घसेवा पदके निराळी आहेत.

वीस वर्षांचे पदक प्रत्येक माजी सैनिकाकडे का नसते, असा प्रश्न शाळांतून कधीकधी विचारला जातो. त्याचे उत्तर सेवाशर्तीत आहे. शिपाई याच दर्जावर निवृत्त होणाऱ्या जवानाची सेवा बहुधा वीस वर्षे भरण्याआधीच संपते. निवृत्तिवेतनासाठी त्यास पंधरा वर्षांची सेवा पुरते. बढती मिळून हवालदार, नायब सुभेदार अशा पायऱ्या जो चढतो, त्यालाच विसाव्या वर्षाचा टप्पा गाठता येतो. तेव्हा एकच दीर्घसेवा पदक असलेल्या सैनिकाने कमी प्रामाणिकपणे सेवा केली, असा अर्थ काढणे अन्यायाचे होईल. २०२२ साली सुरू झालेल्या अग्निपथ योजनेत सेवेचा प्रारंभिक काळ चार वर्षांचा असून एका तुकडीतील जास्तीत जास्त पंचवीस टक्के अग्निवीरांना पुढे नियमित सेवेत घेण्याची तरतूद आहे. साहजिकच यापुढे गावी परतणाऱ्या अनेक तरुणांकडे नऊ वर्षांचेही पदक असणार नाही. पंचायतीच्या सत्कारसमारंभात पदकांची संख्या मोजण्याची सवय त्याआधीच सुटलेली बरी.

कडेवरचे अक्षर

आता पदकाच्या ज्या भागाकडे सहसा कोणाचेच लक्ष जात नाही त्याविषयी. पदक हातात घेऊन आडवे धरावे आणि त्याची जाड कड उजेडात फिरवावी. तेथे बारीक अक्षरांत सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पुष्कळदा पलटणीचे नाव उमटवलेले असते. दक्षिण सोलापूर तालुक्यातच हत्तरसंग-कुडल येथे भीमा-सीना संगमावरील मंदिरात शके ९४० चा, मराठीतील अतिप्राचीन लेखांपैकी एक असा लेख आहे. तो वाचण्यासाठी अभ्यासक लांबून येतात. पदकाच्या कडेवरचा लेख वाचण्यास मात्र एक साधे भिंग पुरते.

इंग्रज काळातील कडेवरील नावे रोमन लिपीत आणि कारकुनाच्या कानाला ऐकू आली तशी असतात. पवारांचे 'पोवार' झालेले असते, वडिलांचे नाव बहुधा गळालेले असते. त्यामुळे नावापेक्षा क्रमांक आणि पलटण यांवर अधिक भिस्त ठेवावी. पलटणीच्या नावावरून काळही ठरतो. लॉर्ड किचनर यांनी १९०३ साली सैन्याची फेररचना केली तेव्हा मुंबई फौजेच्या पलटणींच्या मूळ क्रमांकांत शंभर मिळविण्यात आले. सोळावी मुंबई पलटण ही ११६ वी मराठा झाली. १९२२ साली पुन्हा रचना बदलली आणि ११६ वी पलटण पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटण बनली. म्हणून कडेवर '११६' असा आकडा आणि 'मराठा' हे नाव दिसले तर ते पदक १९०३ ते १९२२ या काळातील पलटणीचे, हे निश्चित समजावे. १०३, ११० अथवा ११७ असा आकडा असल्यास कुटुंबीयांनी अधिक शोध अवश्य घ्यावा. या तीन मराठा पलटणी मेसोपोटेमियात कुत-अल-अमारा येथील वेढ्यात होत्या. डिसेंबर १९१५ पासून एप्रिल १९१६ पर्यंत, अन्न संपेपर्यंत, त्यांनी तग धरला. आजोबा 'बसऱ्याला गेले होते' एवढेच जे घर सांगते, त्या घरातील पदकाच्या कडेवर कदाचित पुढची हकिकत असेल.

अशी किती पदके उरली आहेत? जुनी पदके चांदीची होती आणि चांदी अडीअडचणीला सोनाराकडे जातेच. दुष्काळी तालुक्यात तर ती आधी जाते. १९७९-८० साली चांदीचे भाव जगभर भडकले, त्या वेळी अनेक देशांत जुनी पदके मुशीत वितळली. पहिल्या महायुद्धाच्या सेवापदकाची एक आवृत्ती ब्राँझची होती. ती मजूर तुकड्यांतील लोकांना दिलेली. तिला किंमत येत नाही म्हणूनच ती काही घरांत शिल्लक राहिली असावी. स्वातंत्र्यानंतरची सेवापदके ताम्र-निकेलची असल्याने सोनार त्यांना हात लावीत नाही. त्यांचा शत्रू निराळा आहे. पदक प्रत्यक्ष हाती येण्यास बराच विलंब लागतो, म्हणून पुष्कळ जवान छावणीजवळच्या बाजारातून हुबेहूब प्रतिकृती घेऊन लावतात आणि मूळ पदक मागावयाचे राहून जाते. प्रतिकृतीच्या कडेवर सहसा नाव नसते. सैनिक गेल्यावर वारसांना हा फरक ठाऊक नसतो.

शाळा अथवा ग्रामपंचायत यांनी मनात आणले तर गावातील पदकांची एक साधी नोंदवही करता येईल. त्यासाठी निधी लागत नाही की मंजुरी लागत नाही. पदकाच्या दोन्ही बाजू, फितीचे रंग आणि कडेवरील मजकूर जसाच्या तसा, शुद्धलेखन न सुधारता, उतरवून घ्यावा. सेवापुस्तिका असल्यास तिच्यातील क्रमांकाशी तो ताडून पाहावा. पुढील चौकशीसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय हे पहिले ठिकाण होय. सैनिकाच्या विधवेच्या वा अवलंबितांच्या प्रकरणांतही तेथेच मार्गदर्शन मिळते. सेवेच्या नोंदी त्या त्या रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयात असतात. मराठा लाइट इन्फंट्रीचे ते बेळगावी, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशातील सागर येथे, आणि बॉम्बे सॅपर्सचे पुण्यास खडकी येथे. पत्रात नावापेक्षा सैनिकाचा क्रमांक ठळक लिहावा. एकाच नावाचे जवान एकाच पलटणीत अनेक असतात.

एक सूचना घरच्या मंडळींसाठी. दसऱ्याला शस्त्रांबरोबर पदकेही पूजेत मांडण्याची अनेक घरांत रीत आहे, आणि त्याआधी ती चिंच, राख किंवा पितळ उजळण्याच्या द्रावणाने घासली जातात. चांदी मऊ असते. अशा घासण्याने दर्शनी भाग चकाकतो, पण कडेवरची बारीक अक्षरे वर्षागणिक झिजत जातात आणि अखेर सपाट होतात. जुने पदक मऊ कोरड्या फडक्याने पुसावे. फीत जीर्ण झाली असली तरी ती काढून टाकू नये; नवी लावल्यास जुनी घडी करून पदकाबरोबरच डबीत ठेवावी.